दोन सारखे सेन्सर वेगळे आकडे का दाखवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता मोजणाऱ्या बीएमई-२८० ची दोन मॉड्यूल एकाच मायक्रोकंट्रोलरला (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपला) जोडून शेजारी शेजारी ठेवली, तर तापमानात दीड अंशाचा आणि हवेच्या दाबात जवळपास एक हेक्टोपास्कलचा फरक दिसतो. दुसरीकडे एमपीयू-६०५० हा हालचालीचा सेन्सर टेबलावर स्थिर ठेवून त्याच्या त्वरणावरून अंतर काढलं, तर दोन मिनिटांत बोर्ड दीड किलोमीटर लांब गेल्याचं उत्तर येतं. ही मॉड्यूल खराब आहेत का, आणि महाग सेन्सर घेतले तर हे थांबेल का?

मॉड्यूल बहुधा ठणठणीत आहेत. तुमच्याच आकड्यांवरून हिशेब केला तर एमपीयू-६०५० डेटाशीटने, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाने, मुभा दिलेल्या चुकीच्या निम्म्याहूनही कमी चुकतोय. अडचण आपल्या अपेक्षेत आहे. सेन्सर तापमान किंवा त्वरण मोजून हातात ठेवतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो एक अतिशय क्षीण विद्युत बदल घडवतो, बाकी सगळं त्याच्या शेजारची आयसी (सर्किट असलेली चिप) आणि तुमचा प्रोग्राम मिळून ठरवतात. पडद्यावरचा आकडा हा त्या सगळ्या साखळीचा निष्कर्ष असतो. साखळीच्या कोणत्या कडीत कोणती चूक शिरते हे कळलं, की कोणती चूक पैसे देऊन जाते, कोणती दहा ओळींच्या कोडने जाते आणि कोणती कधीच जात नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

आधी अ‍ॅक्सेलरोमीटर घेतो, म्हणजे एमपीयू-६०५० मधला त्वरण मोजणारा भाग, कारण त्यात ही साखळी सगळ्यात स्पष्ट दिसते.

चार मिलिमीटर लांब-रुंद असलेल्या त्या काळ्या चौकोनात सिलिकॉनचं एक सूक्ष्म वस्तुमान आहे. ते सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर तरंगतं. त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते आहेत, आणि समोर चिपला पक्के बसवलेले दुसरे दाते. दोन दात्यांमधली फट एक-दोन मायक्रोमीटरची. चिपला गती मिळाली की वस्तुमान किंचित मागे राहतं, फट बदलते आणि दात्यांमधला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलतो. सेन्सरचं काम इथे संपलं.

हा बदल किती लहान असतो ते पाहा. अशा रचनेची नैसर्गिक कंप्रता तीन किलोहर्ट्झ धरली, तर पूर्ण एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, त्वरणाला वस्तुमान साधारण २८ नॅनोमीटर सरकतं. एक मिली-जी म्हणजे त्याचा हजारावा भाग, तो सिलिकॉनच्या एका अणूच्या व्यासापेक्षाही लहान आहे. त्यातून होणारा कपॅसिटन्सचा बदल एका फेम्टोफॅरडच्याही लहान अंशात मोजावा लागतो. आणि सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या एक सेंटिमीटर रेषेचाच कपॅसिटन्स एक पिकोफॅरडच्या आसपास असतो, म्हणजे हजार फेम्टोफॅरड. हा संकेत साध्या तारेने बाहेर काढून दूरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे न्यायचा म्हटलं, तर तो वाटेतच संपेल.

सेन्सर आणि आयसी एकाच वेष्टनात का नांदतात, याचं खरं कारण हेच. जागा वाचते, किंमत कमी होते, हेही खरंच. पण अ‍ॅम्प्लिफायर दात्यांच्या अगदी लगत बसवला नाही तर मोजण्यासारखं काही उरतच नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीने मोटारीतल्या एअरबॅगसाठी एडीएक्सएल-५० ही चिप आणली, तेव्हा हलणारा भाग आणि त्याचं सर्किट सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर होतं. आज बऱ्याचदा दोन वेगळे तुकडे करून ते एकमेकांवर किंवा शेजारी चिकटवतात आणि केसाहून बारीक तारांनी जोडतात. तत्त्व तेच: जन्मल्या जागीच संकेताला बळ द्यायचं.

त्यानंतर येतो एडीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग संकेताचं अंकात रूपांतर. एमपीयू-६०५० मध्ये तो १६ बिटांचा आहे आणि दोन जीच्या पल्ल्यावर एका जीला १६,३८४ अंक मिळतात. एक अंक म्हणजे ०.०६ मिली-जी. हा आकडा वाचून लोक खूश होतात आणि इथेच फसतात. त्याच डेटाशीटमध्ये खाली नॉइजची, म्हणजे वाचनातल्या आपोआप होणाऱ्या थरथरीची, घनता दिलेली आहे: एका हर्ट्झच्या वर्गमुळामागे ४०० मायक्रो-जी. फिल्टर ९४ हर्ट्झवर ठेवला तर नॉइज चार मिली-जीच्या जवळ जातो, म्हणजे साठेक अंक. शेवटचे पाच-सहा बिट सतत थरथरत राहणार. सूक्ष्मता आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत नेहमी सूक्ष्मताच छापतात. तापमानाचा डीएस-१८बी-२० घ्या. तो अंशाचा सोळावा भाग, म्हणजे ०.०६२५ दाखवतो, पण त्याची हमी अधिक-उणे अर्ध्या अंशाची आहे. दशांश चिन्हापुढचे शेवटचे तीन अंक तापमानातला बदल पाहायला उपयोगी, खरं तापमान सांगायला नाहीत. (त्याच सेन्सरने अचानक बरोबर ८५ अंश दाखवले तर आग लागलेली नसते. वीज मिळाल्यावर त्याच्या रजिस्टरमध्ये हाच आकडा असतो. रूपांतर पूर्ण व्हायला १२ बिटांवर ७५० मिलिसेकंद लागतात आणि तुमच्या कोडने तेवढी वाट पाहिलेली नसते, किंवा मध्येच वीजपुरवठा तुटून सेन्सर पुन्हा सुरू झालेला असतो.)

आता तुमचे दीड किलोमीटर. स्थिर त्वरण a असेल तर t सेकंदांत अंतर अर्धा गुणिले a गुणिले t चा वर्ग. १,५०० मीटर आणि १२० सेकंद घातले की त्वरण येतं ०.२१ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे साधारण २१ मिली-जी. इतकीच तुमच्या सेन्सरची कायमची चूक, ज्याला ऑफसेट म्हणतात. डेटाशीट आडव्या दोन अक्षांवर अधिक-उणे ५० मिली-जी मान्य करते, उभ्या अक्षावर ८०. म्हणजे सेन्सर दिलेला शब्द पाळतोय, चुकीला मोठं करतोय तो काळाचा वर्ग.

आणि तो ऑफसेट कदाचित सेन्सरचा नसेलही. बोर्ड १.२ अंशांनी कललेला असेल तर गुरुत्वाकर्षणाचा २१ मिली-जी एवढा भाग आडव्या अक्षात उतरतो. टेबल, ब्रेडबोर्ड, पिनांच्या पट्टीवर जरा तिरकं सोल्डर झालेलं मॉड्यूल, या सगळ्यांत मिळून सव्वा अंशाचा कल सहज भरतो. त्वरण आणि गुरुत्व यांतला फरक अ‍ॅक्सेलरोमीटरला कळत नाही, कळणं शक्यही नाही. तो फक्त स्प्रिंग किती ताणली ते पाहतो.

यावर पहिला उपाय सोपा आहे. प्रत्येक अक्ष एकदा सरळ वर आणि एकदा सरळ खाली करून वाचन घ्या, अशा एकूण सहा स्थिती. वरच्या आणि खालच्या वाचनांची सरासरी म्हणजे त्या अक्षाचा ऑफसेट, फरकाचा निम्मा म्हणजे एक जीसाठीचं त्याचं खरं मोजमाप. प्रत्येक स्थितीत काही सेकंद थांबून शे-दोनशे वाचनांची सरासरी घ्या. शंभर वाचनांच्या सरासरीने नॉइज दहा पटीने घटतो. ऑफसेट मात्र सरासरीने तसूभरही हलत नाही. लाख वाचनं घेतलीत तरी तो तिथेच. हा भेद लक्षात नसल्यामुळे केवळ फिल्टर बदलत बसण्यात लोकांचे आठवडे गेलेले मी पाहिले आहेत.

पण एवढं करूनही अंतर मिळणार नाही. समजा ऑफसेट एका मिली-जीपर्यंत खाली आणलात. दहा सेकंदांत अर्धा मीटर चूक, एका मिनिटात साडेसतरा मीटर. कल ओळखण्यासाठी जायरोस्कोपची (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची) मदत घ्यावी, तर त्याचं स्वतःचं घसरणं आहेच. कॅलिब्रेशननंतर सेकंदाला ०.१ अंश चूक उरली तर मिनिटाला कोन सहा अंशांनी हलतो, आणि सहा अंश कलाने गुरुत्वाचे शंभर मिली-जी आडव्या अक्षात घुसतात. तापमान बदललं की ऑफसेटही बदलतो, त्यामुळे सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी पुरेलच असं नाही. म्हणून चाललेलं अंतर सांगायला मनगटावरची घड्याळं असं दुहेरी इंटिग्रेशन (त्वरणापासून वेग, वेगापासून अंतर) करत बसत नाहीत. ती त्वरणाच्या लाटेतले उंचवटे मोजून पावलं ठरवतात, पावलाची सरासरी लांबी धरतात, आणि जीपीएस मिळालं की त्यावरून लांबी सुधारतात. बुटात सेन्सर बसवणारे आणखी एक सुंदर युक्ती वापरतात. चालताना प्रत्येक पावलाला तळवा क्षणभर जमिनीवर पूर्ण थांबतो. तो क्षण ओळखायचा आणि तिथे वेग सक्तीने शून्य करायचा. चुकीला वाढायला दोन मिनिटं मिळतच नाहीत, जेमतेम एक सेकंद मिळतो. तुम्हाला अंतर हवंच असेल तर या वाटेने जा. याच दर्जाच्या चिपने कितीतरी चांगलं उत्तर मिळतं, कारण चुकीला वाढायला मिळणारा वेळच तोडलेला असतो.

बीएमई-२८० ची गोष्ट वेगळी आहे. अडीच मिलिमीटरच्या त्या धातूच्या डबीवर एक छिद्र दिसतं. आत सिलिकॉनचा पातळ पडदा आहे, हवेच्या दाबाने तो वाकतो आणि त्यावरचे रोध बदलतात. ताण पडला की सिलिकॉनचा रोध धातूपेक्षा कितीतरी जास्त बदलतो, हे १९५४ साली बेल लॅब्जमध्ये चार्ल्स स्मिथ यांनी दाखवलं. दाबाच्या अशा सेन्सरांची सगळी इमारत त्यावर उभी आहे. अडचण एकच. तेच रोध तापमानानेही बदलतात, आणि बऱ्यापैकी बदलतात. म्हणून त्याच चिपवर तापमानाचा सेन्सर ठेवलेला असतो. तुम्ही तो हवेचं तापमान कळावं म्हणून वापरताय, पण ही चिप बनवणाऱ्या बॉशने तो मुख्यतः दाब आणि आर्द्रता दुरुस्त करण्यासाठी ठेवला आहे, आणि डेटाशीटमध्ये तसं लिहिलंही आहे.

ही दुरुस्ती चिप स्वतः करत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कारखान्यात प्रत्येक नगाची चाचणी होते, त्या नगाचे खास गुणांक त्याच्याच स्मृतीत कायमचे लिहिले जातात. चिप तुम्हाला कच्चे अंक देते. गुणांक वाचून सूत्रात घालण्याचं काम तुमच्या मायक्रोकंट्रोलरवरची लायब्ररी, म्हणजे आयता कोड, करते. त्यात आधी तापमान काढावं लागतं, कारण दाबाच्या आणि आर्द्रतेच्या सूत्रात तेच जातं. तुम्ही दोन मॉड्यूल जोडलीत आणि लायब्ररीने पहिल्याचे गुणांक दुसऱ्यालाही लावले, तर दोन्ही वाचनं दिसायला शहाणी, पण एक साफ चुकीचं. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये गुणांक ग्लोबल व्हेरिएबल्समध्ये, म्हणजे दोन्ही मॉड्यूलांना सामायिक जागेत, साठवले असतील तर ही चूक हमखास होते. तुमचा कोड यासाठी सर्वात आधी तपासा.

गुणांक ठीक असतील, तर डेटाशीट काय म्हणते ते पाहू. तापमान २५ अंशांना अधिक-उणे अर्धा, शून्य ते ६५ अंशांत अधिक-उणे एक. म्हणजे एक नग वर चुकला आणि दुसरा खाली, तर दोन अंशांचा फरकही नियमात बसतो. दाबाची चूक अधिक-उणे एक हेक्टोपास्कल, त्यामुळे तुमचा फरक इथेही मर्यादेत आहे. शिवाय सोल्डर करताना पडद्यावर ताण राहतो, त्याने दाबाचं वाचन उणे अर्ध्यापासून अधिक दोन हेक्टोपास्कलपर्यंत सरकू शकतं, असं कंपनीनेच दिलं आहे.

समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे साडेआठ मीटर उंची. म्हणून अशा सेन्सरवरून काढलेली थेट उंची बिनभरवशाची वाटते. पण त्याची सापेक्ष अचूकता, म्हणजे दाबातला बदल मोजण्याची अचूकता, अधिक-उणे ०.१२ हेक्टोपास्कल आहे, म्हणजे एक मीटर. तुम्ही कितव्या मजल्यावर आहात हे त्याला सांगता येत नाही, एक मजला चढलात हे मात्र नक्की सांगता येतं. फोन आणि घड्याळं चढलेले मजले मोजतात ती याच बळावर.

तापमानाच्या फरकाबद्दल माझा संशय मात्र सेन्सरपेक्षा मांडणीवर जास्त आहे. मॉड्यूलवर व्होल्टेज रेग्युलेटर असेल तर तो तापतो. वायफायवाला मायक्रोकंट्रोलर त्याहून जास्त तापतो, आणि ती उष्णता तांब्याच्या रेषांमधून सेन्सरपर्यंत चालत येते. सेन्सर सतत मोजत ठेवला तर तो स्वतःही थोडा गरम होतो. त्याला दर मिनिटाला एकदा मोजायला लावून बाकी वेळ झोपवलं तर ही चूक लगेच कमी झालेली दिसते. कोडमध्ये ‘फोर्स्ड मोड’ म्हणून जो पर्याय आहे तो हाच. आणखी एक: छिद्रावर थेट प्रकाश पडू देऊ नका. सिलिकॉन प्रकाशाला प्रतिसाद देतं, आणि दाबाचा आकडा ऊन-सावलीबरोबर हलायला लागतो.

आर्द्रता नेहमी शून्य येत असेल तर तुमच्याकडे बीएमई नसून बीएमपी-२८० आलेला असू शकतो. त्यात आर्द्रतेचा भागच नसतो, आणि तो बीएमईच्या नावाने सर्रास विकला जातो. चिपच्या स्मृतीतल्या डी० या पत्त्यावरचा ओळखक्रमांक वाचा: हेक्सामध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी.

थोडं विषयांतर करतो, कारण ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयात नवं एमआरआय यंत्र बसवताना हेलियम गळाला, आणि इमारतीतले अनेक आयफोन एकाएकी बंद पडले. काही दिवसांनी बरेचसे आपोआप सुरूही झाले. त्या फोनांत घड्याळासाठी क्वार्ट्झऐवजी सिलिकॉनचा सूक्ष्म कंपक होता, तो निर्वात पोकळीत थरथरत असतो. हेलियमचे अणू इतके लहान की ते त्या पोकळीत झिरपले आणि कंपन बिघडलं. हवेत मोकळा ठेवल्यावर वायू हळूहळू बाहेर पडला. जायरोस्कोपचं वस्तुमानही असंच बंद पोकळीत कंपत असतं. वेष्टन, पोकळी, आतला वायू हे सगळं मोजमापाचा भाग आहे, नुसतं आवरण नाही.

राहिला महाग सेन्सरचा प्रश्न. माझं मत असं आहे की दशांशाच्या पुढच्या अंकांसाठी पैसे देऊ नयेत, मोजण्याचं तत्त्व बदलत असेल तर द्यावेत. कार्बन डायऑक्साइडचं उदाहरण घ्या. स्वस्त मॉड्यूलवर ‘समतुल्य सीओटू’ असं लिहिलेलं असतं. त्यात तापवलेल्या धातू-ऑक्साइडचा थर असतो, तो हवेतल्या सेंद्रिय वाफांना प्रतिसाद देतो, आणि माणसं असतील तिथे वाफा वाढतात या गृहीतकावरून चिप कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधते. सॅनिटायझरची बाटली उघडली की तिथे आकडा उसळतो. अवरक्त प्रकाशाचा सेन्सर ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते पाहतो, आणि ते शोषण खरोखर त्या रेणूचंच असतं. इथे जास्त पैसे देण्याला अर्थ आहे. तरी त्यातही एक सापळा आहे. अशा अनेक सेन्सरांत आपोआप कॅलिब्रेशन चालू असतं. काही दिवसांतली सर्वात कमी नोंद म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं धरून तो तिला ४०० पीपीएम (दहा लाखांत ४०० भाग) मानतो. खोली कधीच उघडी राहत नसेल तर तुमची कोंदट हवाच त्याची ताजी हवा होते, आणि आकडे दिवसेंदिवस खोटे कमी येत जातात. तिथे ही सोय बंद करून महिन्या-दोन महिन्यांनी सेन्सर मोकळ्या हवेत नेऊन हाताने कॅलिब्रेट करणं बरं.

याउलट तुमच्या दोन बीएमई-२८० च्या जागी त्याच तत्त्वावरचा महागडा नग घेतलात आणि तो वायफाय चिपला खेटून बसवलात, तर दीड अंश तसाच राहील.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. दोन्ही मॉड्यूल एका पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात, मायक्रोकंट्रोलर खोक्याच्या बाहेर, मधल्या तारा वीतभर. अर्धा तास तसंच राहू द्या. मग वाचनं घ्या आणि दोघांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा घ्या. फरक मॉड्यूलबरोबर सरकला तर तो नगाचा आहे, जागेवरच राहिला तर मांडणीचा. दोन्हीकडे थोडाथोडा निघाला तर आधी मांडणी सुधारा, मग उरलेला फरक ऑफसेट म्हणून कोडमध्ये वजा करा. दोघांतला खरा कोण, हे या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी प्रमाणित तापमापक शेजारी ठेवावा लागेल, आणि दाबासाठी जवळच्या हवामान केंद्राचा आकडा घ्यावा लागेल. केंद्रं सहसा समुद्रसपाटीला आणलेला दाब देतात, तेव्हा तुमच्या जागेच्या उंचीची दुरुस्ती करूनच तुलना करा.

दोन मॉड्यूलांचे आय-टू-सी पत्ते (जोडणीवर मॉड्यूल ओळखण्याचे क्रमांक) हेक्सामध्ये ७६ आणि ७७ असे वेगळे ठेवलेच असतील. ऑफसेट त्या पत्त्याला न बांधता मॉड्यूलला बांधा, म्हणजे मॉड्यूलच्या पाठीवर खूण करून तीच कोडमध्ये लिहा. पुढे कधी जोडणी बदललीत तर पत्ता बदलेल, नग बदलणार नाही. शेजारी तारीखही टाका. दाबाचं वाचन वर्षाला एक हेक्टोपास्कलपर्यंत सरकू शकतं, त्यामुळे खोक्याचा हा प्रयोग वर्षाने पुन्हा करावा लागेल.